लुओ समाज, सुंता आणि तेरो: एचआयव्ही प्रतिबंधाचं एक प्रकरण

२००७ साली केनियात एचआयव्हीची राष्ट्रीय पाहणी झाली. १५ ते ६४ वयोगटातल्या ७.१ टक्के लोकांना लागण झालेली आढळली. लुओ समाजात मात्र हेच प्रमाण २०.२ टक्के निघालं, म्हणजे पाच माणसांमागे एक. देश एक, सरकार एक, रेडिओवरच्या जाहिराती त्याच. मग एकाच समाजावर एवढा मोठा घाला का पडला?

उत्तर देताना दोन गोष्टींकडे हमखास बोट दाखवलं जायचं. पहिली, लुओ पुरुषांची सुंता होत नाही. दुसरी, नवरा मेला की त्याच्या बायकोचा 'तेरो' केला जातो, म्हणजे ती दुसऱ्या पुरुषाच्या हवाली होते. दोन्हींवर 'संस्कृती' अशी एकच चिठ्ठी चिकटवली गेली. पण पुढच्या काही वर्षांत पहिली गोष्ट झपाट्याने बदलली आणि दुसरी रेंगाळली. असं का झालं, एवढंच मला इथे नीट मांडायचं आहे. 'त्यांची संस्कृतीच तशी' हे वाक्य आरोग्याच्या कामात फार सहज बोललं जातं. लुओंची हकिगत जवळून पाहिली की ते वाक्य किती अपुरं आहे ते कळतं.

सरोवराकाठचे लोक

केनियाच्या पश्चिम टोकाला व्हिक्टोरिया सरोवर आहे. लुओ लोक त्याला नाम लोल्वे म्हणतात. किसुमू, सियाया, होमा बे आणि मिगोरी हा त्यांचा मुलुख, वस्ती सुमारे ५० लाख. बराक ओबामांचे वडील इथलेच, सियायातल्या कोगेलो गावचे. २००६ च्या ऑगस्टमध्ये ओबामा अजून सिनेटर होते, तेव्हा पत्नी मिशेल यांच्यासह त्यांनी किसुमूत चारचौघांसमोर एचआयव्हीची चाचणी करून घेतली होती. चाचणीला गेलं की लोक काय म्हणतील, ही भीती त्या काळी किती होती, ते या एका प्रसंगावरून लक्षात यावं.

किसुमूचं भारताशीही जुनं नातं आहे. मोंबासाहून निघालेली युगांडा रेल्वे १९०१ मध्ये इथे पोहोचली, ती हिंदुस्थानातून नेलेल्या मजुरांच्या कष्टांवर. या रेल्वेमार्गाने आणि नंतर महामार्गाने माणसं कामाला नैरोबी-मोंबासाकडे जायची, महिनोन्महिने घराबाहेर राहायची. रोगाची वाटही तीच होती. सरोवराकाठी आणखी एक व्यवहार चालायचा, अजूनही काही ठिकाणी चालतो: 'जाबोया'. होड्या पुरुषांच्या, मासळी विकणाऱ्या बायका. मासळी कमी आणि घेणाऱ्या बायका जास्त झाल्या, तसा कोळी पैशांबरोबर शरीरही मागू लागला. ही रीत कुणा पूर्वजाने घालून दिलेली नाही. होडी कोणाच्या मालकीची, एवढ्याच प्रश्नातून ती जन्मली. म्हणून मी तिला संस्कृतीच्या खात्यात टाकत नाही. हा मुद्दा पुढे पुन्हा येईल.

सहा दात

आता सुंतेकडे वळू. २००७ मध्ये केनियातल्या सुमारे ८५ टक्के पुरुषांची सुंता झालेली होती. किकुयू, कालेंजिन, मासाई, किसी, लुह्यांपैकी बुकुसू, या सर्वांत सुंता म्हणजे पोराचा पुरुष होण्याचा विधी. लुओंमध्ये तो नव्हता. त्यांच्याकडे वयात येणाऱ्या मुलामुलींचे खालचे सहा दात काढत. ती प्रौढपणाची खूण, आणि आपण लुओ असल्याची खूण.

ही दातांची रीत विसाव्या शतकात जवळजवळ नाहीशी झाली. १९०६ च्या सुमारास मासेनोला अँग्लिकन मिशन आलं, केंडू बेजवळ सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मिशन आलं. शाळा निघाल्या, मुलं शिकू लागली, आणि दोन-तीन पिढ्यांत दात जागच्या जागी राहू लागले. शरीरावरची एक खूण सोडून देऊनही लुओ लुओच राहिले. हे आधी एकदा घडून गेलं होतं, ही गोष्ट सुंतेच्या चर्चेत फारशी कुणी आठवली नाही. ती आठवायला हवी होती.

मग सुंतेला विरोध कशाचा? खरं तर शस्त्रक्रियेला तेवढा नव्हताच. सुंता न होणं ही लुओंची राजकीय ओळख बनली होती. किकुयू भाषेत सुंता न झालेल्या पोराला 'किही' म्हणतात. मोठ्या माणसाला किही म्हणणं म्हणजे तू अजून पोर आहेस, तुझ्या हाती राज्य कसं द्यायचं, असा थेट अपमान. १९६६ मध्ये देशाचे पहिले अध्यक्ष, किकुयू समाजाचे जोमो केन्याटा आणि त्यांचे लुओ उपाध्यक्ष ओगिंगा ओडिंगा यांची फारकत झाल्यापासून हा टोमणा लुओ नेत्यांच्या मागे लागला, आणि ओगिंगांचे चिरंजीव राईला ओडिंगा यांनाही तो चुकला नाही. अशा वेळी सुंता करून घेणं म्हणजे हिणवणाऱ्यांपुढे मान तुकवणं, अशीच अनेकांची भावना असणार.

किसुमूची चाचणी

सुंता आणि एचआयव्ही यांचा काही संबंध असावा, अशी शंका १९८० च्या दशकातच आली होती. केनियात एड्सचा पहिला रुग्ण १९८४ मध्ये नोंदला गेला. पुढे नैरोबीच्या गुप्तरोग दवाखान्यांतल्या पुरुषांचा अभ्यास झाला तेव्हा सुंता न झालेल्यांना लागण जास्त होताना दिसली. आफ्रिकेच्या नकाशावर सुंता न करणारे समाज आणि रोगाचं प्रमाण एकमेकांवर ठेवून पाहिलं तर तेच चित्र उमटत होतं. शरीरशास्त्रानेही दुजोरा दिला. शिश्नावरच्या त्वचेच्या आतल्या बाजूचं आवरण पातळ असतं, तिथे विषाणूला चिकटायला सोप्या पेशी भरपूर असतात आणि बारीक जखमा चटकन होतात.

पण नकाशा म्हणजे पुरावा नव्हे. सुंता करणाऱ्या समाजांत मुसलमान जास्त, त्यांच्यात दारू कमी, वागणं वेगळं, असे शंभर फाटे फुटू शकत होते. म्हणून २००२ ते २००५ दरम्यान किसुमूत १८ ते २४ वयाच्या २,७८४ तरुणांना सहभागी करून घेतलं गेलं. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांची सुंता लगेच झाली, उरलेल्यांना दोन वर्षांनी करण्याचं ठरलं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठाचे रॉबर्ट बेली हे मुख्य संशोधक. त्यांच्यासोबत नैरोबी आणि मॅनिटोबा विद्यापीठांतले सहकारी होते, आणि कवांगो अगोट यांच्यासारख्या केनियन संशोधकही. डिसेंबर २००६ मध्ये देखरेख मंडळाने चाचणी मुदतीआधीच थांबवली. दोन वर्षांत सुंता झालेल्यांपैकी २.१ टक्के तरुणांना लागण झाली होती, न झालेल्यांपैकी ४.२ टक्के. जोखीम जवळपास निम्मी. दक्षिण आफ्रिकेतल्या ऑरेंज फार्म आणि युगांडातल्या राकाई इथल्या चाचण्याही हेच सांगत होत्या. मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सुंतेची अधिकृत शिफारस केली.

आणखी एक गोष्ट मला या चाचणीइतकीच मोलाची वाटते. चाचणीच्या आधी न्यान्झा प्रांतात (लुओंचा मुलुख याच प्रांतात येत असे) लोकांना नुसतं विचारण्यात आलं होतं: सुरक्षित आणि परवडणारी असेल तर सुंता कराल का? निम्म्याहून अधिक पुरुषांनी होकार दिला. अडचण म्हणून त्यांनी सांगितलं ते खर्च, दुखणं, कामाचा खाडा. बाहेरून पाहणाऱ्यांना जिथे संस्कृतीची भिंत दिसत होती, तिथे आतल्या माणसांना चार दिवसांची बुडणारी मजुरी दिसत होती.

२००८

डिसेंबर २००७ मध्ये केनियात अध्यक्षपदाची निवडणूक झाली. राईला ओडिंगांचा पराभव जाहीर झाला, मतमोजणीवर संशय घेतला गेला आणि देश पेटला. १,१०० हून अधिक माणसं मारली गेली. जानेवारी २००८ मध्ये नैवाशा आणि नाकुरू भागात टोळ्यांनी लुओ पुरुषांना पकडून जबरदस्तीने त्यांच्या सुंता केल्या, हाताला येईल त्या धारदार वस्तूने. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात पुढे जो खटला उभा राहिला, त्यात या कृत्यांची नोंद अमानुष कृत्ये म्हणून झाली. ती लैंगिक हिंसा मानायला मात्र न्यायालयाच्या पूर्वसुनावणी खंडपीठाने नकार दिला. तो खटलाही २०१४ मध्ये मागे घेतला गेला.

ज्या समाजाने हे भोगलं, त्याच समाजाला त्याच वर्षी सांगायचं होतं की सुंता करून घ्या, ती तुमच्या भल्याची आहे. सरकारी आरोग्य मोहिमेसाठी याहून वाईट मुहूर्त मला सुचत नाही.

तरीही काम झालं, आणि ते कसं झालं हे पाहण्यासारखं आहे. लुओ ज्येष्ठांच्या परिषदेचा सूर सुरुवातीला विरोधाचा होता: सुंता आमची रीत नाही. आरोग्य खातं आणि संशोधक त्यांच्याकडे वारंवार गेले. सप्टेंबर २००८ मध्ये किसुमूत ज्येष्ठ मंडळी आणि पुढारी यांची बैठक झाली. एव्हाना समेट होऊन राईला ओडिंगा पंतप्रधान झाले होते. त्यांनी सुंतेला जाहीर पाठिंबा दिला. (आपल्या वाचकांना त्यांचं नाव ऑक्टोबर २०२५ च्या बातम्यांमुळे आठवत असेल. केरळमध्ये उपचारांसाठी आले असतानाच त्यांचं निधन झालं.) ज्या माणसाला आयुष्यभर किही म्हणून हिणवलं गेलं, त्यानेच हे सांगणं वेगळं होतं. दुसऱ्या कुणाच्या तोंडी ते शोभलं नसतं.

ज्येष्ठांनी जी भूमिका घेतली, तिच्यातच या प्रकरणाची किल्ली आहे. सुंता आता लुओ संस्कृतीचा भाग झाली, असं ते म्हणाले नाहीत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा वैद्यकीय उपाय आहे, ज्याला हवा त्याने करावा, आमच्या चालीरीतींशी त्याचा संबंध नाही. आणि मोहिमेनेही हे मनापासून पाळलं. शेजारच्या बुकुसूंकडे सुंतेला मिरवणूक असते, गाणी असतात, पोराच्या धैर्याची परीक्षा असते. किसुमूच्या दवाखान्यात यातलं काही नव्हतं. भूल, टाके, गोळ्या, सहा आठवडे संबंध टाळण्याची सूचना आणि सोबत एचआयव्हीची चाचणी. कार्यक्रमाचं नावसुद्धा 'ऐच्छिक वैद्यकीय' असं मुद्दाम ठेवलेलं. त्यात 'ऐच्छिक' हा शब्द २००८ च्या जानेवारीनंतर किती आवश्यक होता, ते वेगळं सांगायला नको.

नोव्हेंबर २००८ मध्ये कार्यक्रम सुरू झाला. डॉक्टर मोजके, म्हणून क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसलेले, पण उपचारांचं शिक्षण घेतलेले कर्मचारी) आणि नंतर परिचारिकांनाही शस्त्रक्रियेचं प्रशिक्षण आणि परवानगी मिळाली. शाळांत, बाजारांत, सरोवराच्या काठांवर तंबू उभे राहिले. दिवसा काम बुडू नये म्हणून संध्याकाळचे दवाखाने चालले. २००९ च्या अखेरीला तीस दिवसांच्या धडक मोहिमेत ३६ हजारांहून अधिक जणांची सुंता झाली. न्यान्झा प्रांतात सुंता झालेल्या पुरुषांचं प्रमाण २००७ मध्ये ४८ टक्के होतं, ते २०१२ मध्ये ६६ टक्के झालं. मूळच्या ४८ टक्क्यांत किसींसारखे परंपरेने सुंता करणारे बरेच होते, हे ध्यानात घेतलं तर ही वाढ मुख्यतः लुओंचीच.

एका धार्मिक गोष्टीची इथे जमिनीखालून मदत झाली, असं मला वाटतं. लुओंमध्ये नोमिया नावाचं चर्च आहे. जोहाना ओवालो या लुओ माणसाला १९०७ मध्ये दृष्टान्त झाला, अशी त्या चर्चची श्रद्धा आहे. अँग्लिकन, कॅथलिक आणि इस्लाम असा प्रवास करून त्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात स्वतःचं चर्च उभं केलं. गोऱ्या मिशनऱ्यांपासून स्वतंत्र झालेल्या केनियातल्या सर्वांत जुन्या चर्चांपैकी ते एक. आणि नोमिया कुटुंबांत अब्राहामाच्या करारानुसार मुलाची सुंता आठव्या दिवशी होते. केंडू बेकडच्या लुओ मुसलमानांतही ती होतेच. म्हणजे सुंता झालेला लुओ हा प्रकार शंभर वर्षं गावात नांदत होता, आणि त्याला कुणी किकुयू म्हणत नव्हतं.

चिरा

आता अवघड भागाकडे. त्यासाठी आधी 'चिरा' समजून घ्यायला हवी. शब्द मराठी वाटला तरी अर्थ निराळा आहे. लुओंच्या जगात घर बांधणं, पेरणी, कापणी, मुलाचं लग्न, मयत या सर्वांना क्रम असतो. थोरल्या बायकोने आधी पेरायचं, मग धाकटीने. बापाने आधी, मग मुलाने. आणि यातल्या कित्येक टप्प्यांवर नवरा-बायकोचा शरीरसंबंध हाच विधी असतो. 'गोलो कोधी', म्हणजे बियाणं बाहेर काढणं, हा पेरणीचा विधी असाच. क्रम मोडला की चिरा लागते. माणूस झिजत जातो, हगवण लागते, वजन उतरतं, अंगावर चट्टे उठतात, लेकरं दगावतात.

ही लक्षणं वाचताच जे मनात येतं, तेच झालं. एड्स आला तेव्हा लुओंकडे त्याच्यासाठी स्पष्टीकरण तयार होतं. त्यांच्या डोलुओ भाषेत एड्सला 'अयाकी' म्हणू लागले, लुटून नेणारा अशा अर्थाचा तो शब्द. पण समोरच्या माणसाला अयाकी झालाय की चिरा लागलीय, हे डोळ्यांनी ठरवता येत नव्हतं. घरातल्यांसाठी चिरा म्हणणं सोपं होतं. त्यात बदनामी कमी होती, आणि उपायही होता: मोडलेला क्रम पुन्हा लावा.

थडग्याची बायको

नवरा मेला की लुओ बाई 'ची लिएल' होते, थडग्याची बायको. ती अजून त्याचीच असते. आपल्याकडे काही जातींत विधवेचा पाट लावत. तेरो तसा नाही. पाटात बाई नव्या नवऱ्याची होते. तेरोत ती मेलेल्याचीच राहते, पुढे होणारी मुलंही त्याच्याच नावाने वाढतात. तिला घेणारा 'जातेर' दीर असतो, नाहीतर कुळातला कुणी. त्याने तिचं छप्पर शाकारायचं, शेताला हात लावायचा, पोरांच्या डोक्यावर हात ठेवायचा. एका काळी ही व्यवस्था विधवेला उघड्यावर पडू देत नव्हती. तिला नुसती क्रूर रूढी म्हणणारे ही बाजू सोडून देतात, आणि मग विधवांना ते परके वाटतात.

एचआयव्हीने ही व्यवस्था उलटी केली. नवरा कशाने मेला ते गावाला ठाऊक असायचं किंवा संशय असायचा. दीर मागे हटू लागले. पण विधी तर व्हायला हवा, नाहीतर चिरा सगळ्या घराला लागेल. मग बाहेरचा कुणीतरी पुरुष पैसे देऊन आणला जाऊ लागला. तो एका विधवेकडून दुसरीकडे जायचा. छप्पर शाकारणं नाही, शेत नाही, पोरांना आधार नाही. तेरोतली जबाबदारी गळून पडली आणि फक्त संभोग उरला. सियायातल्या बोंडो भागात जवळपास २,००० विधवांचा अभ्यास झाला. त्यात निम्म्याहून अधिक बायकांचा तेरो झालेला होता, आणि दहांतल्या सहा बायका एचआयव्हीबाधित होत्या. यातल्या बऱ्याच जणींना लागण नवऱ्याकडूनच झालेली असणार. म्हणजे जातेरमुळे तिला धोका, तसा तिच्यामुळे जातेरला, आणि त्याच्यामुळे त्याच्या घरच्या बायकोला.

आता अशा एका विधवेचं घर डोळ्यांसमोर आणा. पदरी तीन मुलं, थोरला सतरा-अठराचा. पुढच्या वर्षी त्याला 'सिंबा' बांधायची आहे, म्हणजे अंगणात स्वतःची खोली. आईचा तेरो झाल्याशिवाय त्याने बांधली तर क्रम मोडतो. पावसाच्या तोंडाशी पेरणी आहे, तीही अडते. सासू रोज काही बोलत नाही, पण दाराशी येऊन थांबते. नवऱ्याची जमीन तिच्या नावावर नाही, सात-बारासारखा कागद असलाच तर तो सासऱ्याच्या नावाचा. ती आरोग्य केंद्रात जाते. तिथे तिला सुरक्षित संबंधांची माहिती मिळते, निरोध मिळतो. पण ज्याच्याशी दहा मिनिटांची ओळख नाही, त्याला तिने तो वापरायला कसं लावायचं? आणि विधी पूर्ण व्हायला मध्ये काही असता कामा नये, असं घरातल्या जाणत्या बायकांनीच तिला सांगितलेलं असतं.

तिच्यापुढचा प्रश्न श्रद्धेचा आहे, हे खरं. पण ती तेरो नाकारते तेव्हा तिला नुसत्या चिरेची भीती नसते. घर, शेत आणि मुलाचं लग्न ही तिन्ही पणाला लागतात. किसुमूच्या तरुणाने सुंता केली तेव्हा त्याच्या वाट्याच्या जमिनीला धक्का लागला नाही. संस्कृतीला हात न लावता त्याचं शरीर बदलता आलं. विधवेच्या बाबतीत संस्कृतीला हात न लावता काहीच बदलत नाही, कारण इथे संस्कृती म्हणजे मालकी हक्क आहे. माझ्या मते सुंतेचा वेग आणि तेरोची संथ चाल यांच्यातला फरक या एकाच ठिकाणी आहे.

सुंतेमुळे तिला काय मिळालं, हेही तपासायला हवं. जातेरची सुंता झालेली असेल तर तिच्यापासून त्याला होणारा धोका कमी झाला. पण त्याच्यापासून तिला? राकाईत यावर वेगळा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. आधीच बाधित असलेल्या पुरुषाची सुंता केल्याने त्याच्या जोडीदारणीला संरक्षण मिळत नाही, असं त्यात दिसलं. पुरुषांत रोग कमी झाला की कालांतराने बायकांतही कमी होतो, हा हिशेब समाजाच्या पातळीवर बरोबर आहे. त्या रात्री त्या झोपडीत तो तिच्या कामाचा नाही.

देवाच्या नावाने नकार

चर्चच्या भूमिकेबद्दल सरसकट बोलता येत नाही. १९९६ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये कार्डिनल मॉरिस ओटुंगा यांच्या उपस्थितीत निरोध आणि सुरक्षित संबंधांची पत्रकं जाळली गेली. अध्यक्ष मोई यांनी एड्सला राष्ट्रीय आपत्ती म्हणायला नोव्हेंबर १९९९ उजाडला. मधल्या वर्षांत किती माणसं गेली असतील, याचा विचार केला की मला त्या आगीचा राग येतो. आणि तरीही याच चर्चच्या मिशन इस्पितळांनी खेड्यापाड्यांतल्या असंख्य रुग्णांची शेवटपर्यंत सेवा केली, हेही तितकंच खरं आहे.

विधवेला मात्र खरी वाट मिळाली ती लहान चर्चांतून. 'तारण झालेल्या' ख्रिस्ती मंडळींत चिरेचं भय सैतानाचं मानतात. पेरणी प्रार्थनेने सुरू होते. तिथली विधवा उभी राहून म्हणू शकते, माझा जातेर येशू आहे. बाहेरून हे भाबडं वाटेल. पण या वाक्याने तिला जे मिळतं, ते आरोग्य केंद्र देऊ शकत नाही: तिच्या नकारामागे उभी राहणारी माणसं. शेत नांगरायला येणाऱ्या मंडळीतल्या बायका, छप्पर शाकारायला हात देणारे त्यांचे नवरे, सासरच्यांशी बोलायला येणारा पास्टर. जातेरने करायची कामं मंडळीने वाटून घेतली की त्याची गरजच उरत नाही.

काही घरांनी आतूनही वाट काढली. विधीची खूण म्हणून पुरुषाचा कोट एक रात्र घरात टांगायचा आणि तेरो झाला असं मानायचं, असे प्रकार नोंदले गेले आहेत. सहा दात न काढताही माणूस मोठा होतो हे ज्या समाजाने मान्य केलं, तो कोटही मान्य करू शकतो. पण हे घडतं ते जिथे कुळातल्या मोठ्यांचं मन वळलेलं असतं तिथे. सुंतेच्या वेळी ज्येष्ठांच्या दारी पुन्हा पुन्हा गेलेली आरोग्य यंत्रणा विधवेसाठी तेवढ्या वेळा गेली नाही. तिच्यासाठी धडक मोहीम निघाली नाही, तंबू लागले नाहीत. सुंता मोजता येते, तिचा आकडा अहवालात चढतो. न झालेला तेरो कुठल्या रकान्यात लिहायचा?

नंतर

औषधांनी बरंच बदललं. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरना देऊ केला आणि आफ्रिकेतल्या गरीब रुग्णांवर उपचार शक्य आहेत, हे जगाला मानावं लागलं. त्याच वर्षी केनियाने कायदा करून स्वस्त औषधांच्या आयातीची वाट मोकळी केली. औषध नियमित घेणाऱ्याच्या रक्तातला विषाणू इतका कमी होतो की त्याच्याकडून संबंधातून लागण होत नाही. आणि तो झिजतही नाही. चिरेच्या खुणा दिसेनाशा झाल्या, तशी अनेक घरांत चिरेची भीतीही ओसरली असावी, असा माझा अंदाज आहे.

२०१८ च्या राष्ट्रीय पाहणीत केनियातलं प्रमाण ४.९ टक्क्यांवर आलं. होमा बेत ते १९.६, किसुमूत १७.५, सियायात १५.३ आणि मिगोरीत १३ टक्के होतं. या आकड्यांनी घाबरून जायचं कारण नाही, कारण औषधांवर जगणारी माणसं त्यात मोजली जातात. पण नव्या लागणी थांबल्या, असंही म्हणता येत नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली. उपचारांना नंतर सवलत मिळाली, पण सुंता आणि बहुतेकांसाठीच्या प्रतिबंधक गोळ्या तिच्यात बसल्या नाहीत.

सरोवराकाठी न्डुरू गावात २०११ च्या आसपास काही बायकांना स्वतःच्या होड्या मिळाल्या. होडी बाईची, कामाला ठेवलेले कोळी पुरुष, मासळी तिची. जाबोया मागणारा मालकच उरला नाही. २०२० मध्ये सरोवराचं पाणी चढलं आणि ते गाव पाण्याखाली गेलं.

केनियाच्या २०१५ च्या कौटुंबिक हिंसाविरोधी कायद्याने 'जबरदस्तीचा' तेरो हिंसेच्या व्याख्येत आणला. आता ती विधवा पोलीस चौकीत गेली तर तिला विचारतील: जबरदस्ती कोणी केली? सासूने हात उगारलेला नाही. दीर घरी आलेला नाही. मुलाच्या खोलीसाठी आणलेले वासे अंगणात पडून आहेत, आणि पाऊस आठवड्यावर आला आहे.